सभागृहाची किल्ली कोणाकडे?

मी एसटीत वाहक होतो. नोकरीची बहुतेक वर्षं वाशिम आगारात गेली आणि त्यातल्या बऱ्याच रात्री मुक्कामी गाडीवर. संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन खेड्यात जायचं, ड्रायव्हर-कंडक्टरनं तिथंच झोपायचं आणि पहाटे कॉलेजची पोरं, दूधवाले, कोर्टाच्या तारखेची माणसं घेऊन शहराकडे निघायचं. आयुष्यात जे गाणं, जे नाटक पाहिलं, त्यातलं अर्ध्याहून जास्त या मुक्कामांनी दाखवलं. दिवसभर मी दुसऱ्यांची तिकिटं फाडली, रात्री माझं तिकीट कोणी फाडलं नाही.

आता निवृत्त होऊन वाशिमलाच राहतो. जिल्ह्यासाठी नाट्यगृह हवं, मोठा महोत्सव हवा, अशी भाषणं अधूनमधून कानावर येतात. हवंच. पण त्याच्या आधीची एक मागणी मला मांडायची आहे आणि तिला फारसा पैसा लागत नाही. गावोगावच्या सभागृहांची कुलुपं उघडा.

ही मागणी कुठून आली, ते सांगतो. रिसोड तालुक्यातल्या एका गावी मुक्कामाला होतो. सुगी आटोपत आली होती, ज्वारी घरात पडली होती. गाडी पारापाशी लावली तसा एक जण म्हणाला, "कंडक्टर सायेब, लवकर जेवून घ्या, आज दंडार हाय." रोकड असलेली बॅग सोडून हलता येत नाही, म्हणून मी ती घेऊन गाडीच्या टपावर चढलो आणि मांडीवर ठेवून बसलो. खाली दोन गॅसबत्त्या, एक ढोलकी, टाळ आणि अंगणभर माणसं. आधी गणपतीचं स्तवन झालं, मग कृष्ण आणि गौळणींची थट्टामस्करी. गौळण झालेल्या पोराला मिशी काढता येत नव्हती, कारण बाप जिवंत होता. पठ्ठ्यानं सगळी गौळण लुगड्याचा पदर ओठांवर धरून निभावली आणि त्या धरण्यातच असा नखरा आणला की म्हातारेही खुलले.

मग सोंगं सुरू झाली. सावकार आला, तलाठी आला, आणि त्यानंतर पत्र्याचा डबा काखेत मारून, कानावर पेन्सिल खोचून एक सोंग आलं. "सुटे द्या, सुटे द्या" करत ते गर्दीतून फिरू लागलं. तो मी होतो! माझी मान वाकडी करून चालायची ढब, माझं नाकात बोलणं, सगळं त्यानं उचललं होतं. एका बाईच्या सोंगानं त्याला दम भरला, "सुटे नसन त खाली उतर ना बाप्पा, गाडी काय तुया बापाची हाय?" अख्खं गाव टपाकडे बघून हसत होतं. मध्येच एका गॅसबत्तीचा मेंटल फुटला. आमच्या ड्रायव्हरनं गाडी वळवून तिचे दिवे अंगणावर सोडले आणि खेळ पुढं चालला. पहाटे बॅटरी उतरलेली. ज्यांनी रात्री माझी टर उडवली त्यांनीच धक्का मारून गाडी सुरू करून दिली.

नंतर मोठ्या रंगमंचावरची नाटकंही पाहिली. अकोल्याला लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ पाहिलं. १९७९ मध्ये सुरू झालेला हा एकपात्री प्रयोग. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा माणूस एकटा उभा राहून बावन्न पात्रं उभी करायचा. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, जे काय ते आवाजात आणि चालीत. लोक पोट धरून हसत होते आणि मला आमच्या टपाखालचा तो पत्र्याचा डबेवाला आठवत होता. जात एकच. माणूस नीट बघायचा आणि तोच माणूस त्याच्या शेजाऱ्यांसमोर उभा करायचा. देशपांडे २००९ मध्ये गेले, संदीप पाठक हे नाटक पुढे करत राहिले. पण रिसोड तालुक्यातल्या त्या कंडक्टरचं सोंग पुढं कोण करणार? ते काम मुंबईचा नट करू शकत नाही आणि मोबाइल तर मुळीच नाही. तुमच्या गावचा तलाठी कसा बोलतो हे त्यांना ठाऊक नसतं.

मानोऱ्याकडच्या तांड्यांवर होळीच्या दिवसांत मुक्काम पडला की लेंगी ऐकायला मिळायची. डफाच्या ठेक्यावर पुरुष रिंगण धरायचे, बाया उत्तर द्यायच्या. बंजारा बोली मला धड कळायची नाही, पण कोणाची खेचली जातेय ते हसण्यावरून कळायचं. एप्रिलात भीमजयंतीला गायन पार्ट्या यायच्या. कव्वालीच्या ढंगात सवाल-जवाब, बेंजोची झणझण, वामनदादा कर्डकांची गाणी आणि फर्माइशीच्या नोटा. मंगरूळपीरच्या दर्ग्यात उरुसाची कव्वाली ऐकली. सत्यपाल महाराजांचं कीर्तन ऐकलं. अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीचा हा माणूस सात खंजिऱ्या समोर मांडून बसतो, एका हातानं या खंजिरीवर तर दुसऱ्या हातानं त्या, आणि तोंडानं गाडगेबाबा, तुकडोजी महाराजांची परंपरा चालवत हुंड्यापासून दारूपर्यंत सगळ्यांची सालटी काढतो. एवढ्याशा वाद्यावर मैदान भरतं.

तेव्हाच्या अंगणांची महती मात्र मी अर्धवट सांगणार नाही. टपावरून सगळं अंगण दिसायचं आणि कोण कुठं बसलंय तेही दिसायचं. एका वस्तीची माणसं कडेला, गोठ्याच्या भिंतीशी, वेगळी बसलेली असायची. बाया माडीवर नाहीतर बैलगाड्यांच्या आड. तमाशा असला तर त्याही नाहीत. म्हणून ‘ते दिवस परत आणा’ असं मी म्हणणार नाही. ते अंगण जसंच्या तसं परत आलं तर मला नको आहे.

आता रात्रीचं काय झालं ते बघा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये ते उचलून धरले. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं आणि ते दिवस बहुतेक मोठ्या सणांतच संपतात. नियम चांगलाच आहे. डीजेच्या भिंतींनी म्हाताऱ्या माणसांची काळजं हादरतात, परीक्षेच्या पोरांचा अभ्यास जातो. पण खेड्याचं घड्याळ वेगळं चालतं. शेतातून माणूस दिवेलागणीला येतो, गुरांचं चारापाणी, जेवण होईस्तोवर नऊ वाजतात, ढोलकी तापेस्तोवर दहा. म्हणजे खेळ रंगायच्या वेळी पोलीस पाटील हात जोडून उभा. हळूहळू लोकांनी खेळच सोडून दिला. डीजे राहिला, कारण त्याला मिरवणूक आहे, वर्गणी आहे आणि पाठीशी पुढारी आहे.

पण त्याच नियमांत एक वाट मोकळी आहे आणि ती कोणी वापरत नाही. रात्रीची बंदी उघड्यावरच्या आवाजाला आहे. बंदिस्त सभागृहात, आतल्या आत चालणाऱ्या कार्यक्रमाला नियम मनाई करत नाहीत, बाहेरच्याला त्रास होऊ नये एवढंच बघायचं. आणि बंदिस्त सभागृहं आपल्याकडे आहेत! आमदार निधीतून, खासदार निधीतून, कुठल्या ना कुठल्या योजनेतून गावोगावी ती बांधली गेली. दर्शनी भिंतीवर निधी देणाऱ्याचं नाव रंगवलेलं असतं आणि दाराला कुलूप. काहींत सिमेंटची पोती आहेत, काहींत कोणाचं तरी कुटार. एका गावात मी विचारलं, उघडतं कधी? म्हणे, मतदानाला आणि पोलिओच्या डोसाला. किल्ली कोणाकडे? तर याचं बोट त्याच्याकडे, त्याचं तिसऱ्याकडे, आणि तिसरा पुण्याला लेकाकडे गेलेला.

त्या खोलीत शंभर माणसं बसतात. दंडारीला, भजनाला, भीमगीताला, लेंगीला, एकपात्रीला शंभर माणसं पुष्कळ झाली. स्पीकरही लागत नाही. वीज नव्हती तेव्हा हेच कलावंत उघड्या गळ्यानं अंगण भरून टाकायचे, चार भिंतींत तर आवाज आणखी घुमतो. आणि सभागृह सरकारी पैशाचं आहे, त्यामुळे कडेला कोणी बसायचं आणि माडीवर कोणी, हा प्रश्नच तिथं उरू नये. बाया पुढच्या रांगेत बसल्या पाहिजेत. जुन्या अंगणाला जे जमलं नाही ते या खोलीला जमू शकतं, म्हणून मला ती हवी आहे.

कोणी म्हणेल, या दरिद्री जिल्ह्यात आधी पाणी, दवाखाना, शाळा. वाशिम २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आरोग्य, शिक्षण, शेती असे ४९ निकष लावून जिल्ह्याची प्रगती मोजली जाते, आणि ते योग्यच आहे. पण दंडारीनं कधी दवाखान्याचा पैसा खाल्ला नाही. घरटी पायली-दोन पायल्या ज्वारी जमायची, तेवढ्यात खेळ व्हायचा. आज सरकार कलेवर खर्च करत नाही असंही नाही. २०२४ च्या सुरुवातीला जिल्ह्याजिल्ह्यांत महासंस्कृती महोत्सव झाले. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, इमारतीचा घाटच नगाऱ्याचा. ज्येष्ठ कलावंतांना दरमहा ५,००० रुपये मानधनही मिळतं. हे सगळं स्वागतार्ह आहे. पण मानधन घेणारा एक ढोलकीवाला मला म्हणाला, "पैशे येतात बँकेत. पण वाजव म्हणून कोणी म्हनत नाही." त्याच्या पोरानं ढोलकीला हात लावलेला नाही. संग्रहालयात नगारा जपला जाईल, पण लेंगी जपायची तर ती पुढच्या होळीला कोणीतरी म्हटली पाहिजे आणि कोणीतरी ऐकली पाहिजे.

म्हणून माझं मागणं तीन ओळींचं आहे. महिन्यातली एक संध्याकाळ सभागृह गाण्या-नाटकासाठी राखून ठेवा. किल्ली महिला बचत गटाकडे द्या, पुढाऱ्याच्या घरी नको. आणि मानधन घेणाऱ्या प्रत्येक कलावंताला वर्षातून दोनदा तरी आपल्या तालुक्यात बोलवा, येण्या-जाण्याचा खर्च ग्रामपंचायतीनं करावा. जिल्ह्यात जवळपास पाचशे ग्रामपंचायती आहेत. त्यातल्या पन्नासांनी मनावर घेतलं तरी कुठल्याही महोत्सवापेक्षा जास्त कार्यक्रम होतील.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्टला ग्रामसभा भरतात. रस्ता, नाली, घरकुल यांच्या यादीत किल्लीचा विषय घाला आणि तो लेखी घाला, म्हणजे उत्तरही लेखीच द्यावं लागेल. नाट्यगृह होईल तेव्हा होईल. ते बांधून झाल्यावर त्यात उभं राहायला इथलं माणूस लागणार आहे, आणि ते या कुलूपबंद खोल्यांतच तयार होईल.