आदर म्हणजे आंधळेपणा नव्हे

मुलांच्या मनात वडिलांविषयी आदर रुजवायचा असेल, तर पडद्यावरचा बाप थोर आणि निष्कलंकच असला पाहिजे, असा आग्रह आपल्यातील अनेक सुजाण मंडळी धरतात. विनोदी चित्रपटात बापाचे हसे झाले, की त्यांना चौथ्या आज्ञेचा भंग झाल्यासारखे वाटते. हा आग्रह मुळातच चुकीचा आहे. यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाचा १९३२ सालचा मूकपट त्याला चोख उत्तर देतो. ‘जन्माला तर आलो, पण...’ हे त्याचे नाव. ‘मोठ्यांनी पाहायचे चित्रपुस्तक’ हे उपशीर्षक.

कचेरीत नोकरी करणारा योशी टोकियोच्या उपनगरात, मालकाच्या घराजवळ बिऱ्हाड थाटतो. त्याची दोन मुले गल्लीतल्या दांडगटांना नमवून पोरांचे म्होरके होतात. खेळात त्यांनी हाताची खूण केली, की मालकाच्या मुलालाही मातीत आडवे व्हावे लागते. आपला बाप सर्वांत मोठा, याविषयी त्यांना शंकाच नसते. मग एके संध्याकाळी मालकाच्या घरी हौसेने घेतलेली चित्रफीत दाखवली जाते. तीत बाप मालकाला रिझवण्यासाठी वेडीवाकडी तोंडे करतो. मोठी माणसे हसतात. या दोघांना मात्र हसू येत नाही. त्याच्यापुढे तुम्ही का वाकता, हा त्यांचा प्रश्न. तो पगार देतो, म्हणून तुम्ही जेवता, हे बापाचे उत्तर. मग आम्ही जेवतच नाही, असे म्हणून मुले अन्न सोडतात.

यात अनादर कोठे आहे? ज्याला बापाची पर्वा नाही, तो त्याच्यासाठी उपाशी राहत नाही. रात्री निजलेल्या मुलांकडे पाहताना, आपल्यासारखे लाचार जिणे त्यांच्या वाट्याला येऊ नये, असे बापालाही वाटते. सकाळी तो त्यांच्या शेजारी बसतो आणि तिघे भाताचे गोळे खातात. पुढे रेल्वे फाटकापाशी मालकाची मोटार दिसते, तेव्हा मुलेच बापाला नमस्कार करायला पाठवतात. ही शरणागती आहे, असे कोणी म्हणेल. मला ती क्षमा वाटते. मुलांनी बापाला पदरात घेतले. त्याला वाकायला लावणाऱ्या व्यवस्थेला नव्हे. तो प्रश्न ओझूने उघडाच ठेवला आहे.

संत पौल इफिसकरांना लिहिताना मुलांना आज्ञापालन सांगतो आणि लगेच, मुलांना चिडीस आणू नका, असे बापांनाही बजावतो. आपण पहिला उपदेश तेवढा पाठ करून घेतो. बापाची उणीव पाहूनही त्याच्याजवळ बसून घास घेणे, हाच चौथ्या आज्ञेचा खरा अर्थ आहे. म्हणून हा चित्रपट मुलांपासून लपवू नये, आणि पालकांनी तर तो आधी पाहावा.