दोन दशांशांचा भरवसा

ऑक्टोबर छाटणी उरकली की नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात पाण्याचा पीएच हा टपरीवरचा विषय होतो. जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) फवारणीला पाणी साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान हवे. बोअरचे बहुधा वर असते, म्हणून टाकीत सायट्रिक ॲसिड. किती, ते खिशातला पेनासारखा मीटर सांगतो. तो ६.१२ म्हणाला की वाद मिटला.

खरे तर मीटर मोजतो तो टोकाच्या काचेच्या फुग्यावरचा विद्युतदाब. २५ अंश सेल्सियसला पीएचच्या एका अंकामागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट. काच सुकते, जुनी होते, तिच्यावर औषधाचा थर बसतो आणि हा हिशेब बिघडतो; पडद्यावरचे दोन दशांश मात्र तसेच ठसठशीत. त्यात पीएचचा एक अंक म्हणजे दहापट फरक. मीटर अर्ध्या अंकाने चुकला, तर आम्लतेचा अंदाज तिपटीने चुकला.

स्वस्त मीटरच्या डबीत तो जुळवून घेण्यासाठी ठरलेल्या पीएचच्या बफर पावडरच्या पुड्या असतात. बहुतेकांच्या त्या डबीतच राहतात, काहींच्या बोअरच्याच पाण्यात विरघळतात! पुडीवर लिहिलेय तेवढ्या, बहुधा २५० मिली, डिस्टिल्ड वॉटरमध्ये ती विरघळवावी. मीटर आधी ६.८६ च्या, मग ४.०१ च्या बफरमध्ये जुळवावा; फवारणीचे पाणी या दोहोंच्या मधलेच. मध्ये फुगा धुवावा, कागदाने नुसता टिपावा, घासू नये. वापरलेले बफर पुन्हा बाटलीत ओतू नये.

आणि ठेवताना? धुऊन, कोरडा करून पेटीत ठेवणे हा नीटनेटकेपणा इथे अंगाशी येतो. टोपणात पोटॅशियम क्लोराइडच्या साठवण-द्रावणाचे चार थेंब हवेत. नसेल तर ४ चे बफर चालेल. शुद्ध म्हणून डिस्टिल्ड वॉटर घालणारे फुग्यातले क्षारच बाहेर ओढून घेतात. टोपणाभोवती पांढरी खर दिसली तर घाबरू नये, ती धुतली की जाते.

अर्नोल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात असा मीटर बनवला तो लिंबाच्या रसाची आम्लता मोजायला. म्हणजे हे यंत्र मुळात फळबागांच्याच धंद्यातून आलेले. आमच्या कृषी सेवा केंद्रांत मात्र मीटर काउंटरवर आणि बफर ‘मागवावे लागेल’. दुकानदारांनी मीटरच्या पावतीवरच बफरच्या दोन बाटल्या लावाव्यात. ज्याला हे झेंगट नको, त्याला सरळ पीएचच्या कागदी पट्ट्या द्याव्यात. टाकीत ॲसिड ओतण्यापुरते त्यांचे रंग पुरतात.