छंदाला छदाम

पंचावन्नाव्या वर्षी माणसाने रविवारची सकाळ कशी घालवावी, याबद्दल आमच्या घरात दोन मते आहेत. हिचे मत असे की, गच्चीवर दहा फेऱ्या माराव्यात आणि गोळ्या वेळेवर घ्याव्यात. माझे मत असे की, पहाटे साडेपाचला मोटारसायकलला लाथ मारावी, छत्रपती संभाजीनगर मागे टाकावे आणि फुलंब्री, सिल्लोड करीत ऊन चढायच्या आत अजिंठ्याला चहाला पोचावे. शंभर किलोमीटर जायचे, शंभर यायचे. घरात दोन मते असली की कोणाचे चालते, हे सांगायला नको. पण रविवारी पहाटे ही झोपलेली असते.

अशाच एका रविवारी अजिंठ्याचा घाट उतरताना वळणावर एक शेळी रस्त्याच्या मधोमध उभी राहून विचार करीत होती. मी तिच्या विचारात व्यत्यय आणला नाही. खडीवरून घसरलो, आणि उठलो तेव्हा कॉलरबोनचे दोन तुकडे झाले होते. हेल्मेटमुळे डोके वाचले. हिच्या मते तिथे वाचवण्यासारखे फारसे काही नव्हते.

मागून एक दूधवाला आला. त्याच्या गाडीला दोन्हीकडे कॅन लटकलेले. "काका, हात हलतोय का?" म्हणत त्याने मला सावलीत बसवले, जीप थांबवली आणि अजिंठा गावातल्या दवाखान्यापर्यंत सोबत केली. नाव विचारायच्या आत तो निघूनही गेला. दूध नासले असते.

खरा अपघात झाला तो शहरातल्या इस्पितळाच्या काउंटरवर. तिथल्या मुलीने फॉर्म भरता भरता विचारले, "काका, कुठे निघाला होतात?"

"अजिंठ्याला."

"कामाला?"

"नाही. सहज."

एवढा एक 'सहज' मला एक लाख अठ्ठावीस हजारांना पडला. विमा कंपनीचे पत्र आले: दुखापत जोखमीच्या छंदातून झाली असल्याने दावा नामंजूर. शेजारच्या खाटेवरचा गृहस्थ हळहळला. "अहो साहेब, कामाला चाललो होतो म्हणायचं ना! तुम्ही कशाला खरं बोललात?"

मेहुणे भेटायला आले. म्हणाले, "बरोबरच आहे की! मजा तुम्ही मारायची आणि पैसे आमच्या हप्त्यातून जायचे?" हे बोलताना त्यांच्या हातात माझ्यासाठी आणलेल्या जिलब्यांचा पुडा होता, आणि त्यातली तिसरी ते स्वतः खात होते. मेहुण्यांना साखर आहे. २०२४ च्या नियमाप्रमाणे जुन्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबायला लावू शकते. म्हणजे तीन वर्षे कळ काढली की मेहुण्यांच्या जिलब्यांचासुद्धा विमा उतरतो! माझी त्याला हरकत नाही. विमा म्हणजे दहा जणांनी मिळून एकाची छत्री धरणे. पण आरामखुर्चीत बसून कमावलेले दुखणे सन्मानाचे आणि मोकळ्या हवेत कमावलेले दुखणे उनाडपणाचे, हा न्याय कुठला?

डाव्या हाताला सवड होती. मी पॉलिसी काढली, भिंग घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा ती वाचली. तुम्हीही वाचा. फार मजेदार वाङ्मय आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली सगळ्या आरोग्य विमा कंपन्यांसाठी साहसी खेळांच्या कलमाची भाषा एकच ठरवून दिली. त्यात गिर्यारोहण आहे, मोटारींच्या शर्यती आहेत, घोड्यांच्या शर्यती आहेत, विमानातून उडी मारणे आहे. पण या सगळ्यांच्या आधी तीन शब्द आहेत: 'व्यावसायिक म्हणून भाग'. म्हणजे जो धंदा म्हणून हे करतो, त्याचा खर्च मिळणार नाही. हौशी माणसाला ते कलम हातही लावत नाही.

आता मी व्यावसायिक आहे का? मला या वयात मोटारसायकल चालवण्याचे कोणी पैसे देत नाही. उलट न चालवण्याचे द्यायला ही तयार आहे. आणि शर्यत म्हणाल, तर त्या सकाळी त्याच दूधवाल्याने कॅनसकट मला दोनदा मागे टाकले होते.

मेहुणे म्हणाले, "पण गाडीच्या विम्यात मालकाचा अपघात विमा असतो ना, पंधरा लाखांचा?" असतो. पण तो मृत्यूसाठी आणि कायमच्या अपंगत्वासाठी. त्यासाठी माणसाला जरा मोठी कामगिरी करावी लागते. नुसत्या कॉलरबोनवर भागत नाही.

छंदाला एवढी नाके मुरडणाऱ्यांनी एकदा अजिंठ्याला जावे. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा गोरा अधिकारी वाघाच्या शिकारीच्या नादात वाघूरच्या दरीकडे आला आणि त्याला लेणी दिसली. गावकऱ्यांना ती ठाऊक असणारच, पण जगाला ठाऊक झाली ती त्या शिकारीमुळे. गड्याने दहा नंबरच्या लेण्यात आपले नाव आणि तारीखही कोरून ठेवली आहे. पुढे चित्रांच्या नकला करायला आलेला रॉबर्ट गिल हाही शिकारीचा शौकीन. दोघेही गच्चीवर फेऱ्या मारीत बसले असते, तर?

तेव्हा मी कंपनीला पत्र लिहिले. दावा नाकारताना कोणत्या कलमाखाली नाकारला हे सांगणे तुम्हाला बंधनकारक आहे. ते कलम दाखवा, आणि त्यात 'छंद' हा शब्द कुठे आहे तेही दाखवा. महिन्याभरात उत्तर आले नाही, तर पुण्याला विमा लोकपालांकडे जाईन; तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. सव्विसाव्या दिवशी पैसे जमा झाले. दिलगिरीचा शब्द नव्हता. चुकून झाले असे कोणी म्हणाले नाही, कारण ते चुकून झालेच नव्हते. दहा जणांना 'छंद' म्हणून दटावले की नऊ जण खाली मान घालून बिल भरतात. उरलेला एक पत्र लिहितो.

माझा राग पैशांवरून नाही, त्या शेजारच्या गृहस्थाच्या सल्ल्यावरून आहे. आयुष्यभर हप्ते भरणाऱ्या सज्जन माणसाला इस्पितळाच्या दारात खोटे बोलायला शिकवणारी ही रीत आहे. आणि तो दूधवाला? तो तर कामालाच निघाला होता. रोज त्याच घाटात, त्याच खडीवरून. त्याचा हात मोडला, तर त्याला नाकारायला तरी पॉलिसी आहे का, हे विचारायचे माझे राहूनच गेले.

ते विचारायला गेल्या रविवारी पुन्हा निघालो. किल्लीचा आवाज झाला आणि ही उठली.

"अहो, कुठे निघालात?"

"सहज," मी म्हणालो.