मत न देणाऱ्यांच्या नावानं शिमगा

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरली की हरलेल्या पक्षाला गुन्हेगार आधीच ठाऊक असतो: मत न दिलेला माणूस. तो आळशी, तो बेजबाबदार, त्याला लोकशाहीची कदर नाही. २०१६ मध्ये मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तिन्ही राज्यांत मिळून ऐंशी हजारांहून कमी मतांनी हिलरी क्लिंटन पडल्या, तेव्हा हा शिमगा ऐकला. २०२४ मध्ये पुन्हा ऐकला. बोंब मारणारे बहुतेक माझ्यासारखेच: न्यू जर्सीत स्वतःचं घर, पोरं कॉलेजात, आणि मंगळवारी दुपारी दोन तास मागितले तर ब्र न काढणारा साहेब.

मंगळवार हा इथला मतदानाचा, सोवळ्यातला वार. १८४५ च्या कायद्यानं तो ठरला. रविवारचं चर्च आटोपून शेतकऱ्याला घोडागाडीनं मतदानाच्या गावी पोचता यावं, असा त्यामागचा हिशेब सांगतात. घोडागाडी गेली, वार राहिला, आणि देशभर सुट्टी काही त्याला मिळाली नाही. पेनसिल्व्हेनियात मतदान सकाळी सात ते रात्री आठ. ॲलनटाउनजवळच्या गोदामात पाळी आणि जाण्यायेण्यातच ज्याचे तेवढे तास संपतात, त्यानं काय करायचं? टपालानं मत द्या, म्हणतात. द्यावं की! मतपत्रिका आतल्या पाकिटात, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, वर सही, सहीसोबत तारीख. आतलं पाकीट विसरलात की मत बाद. तारखेवरून तर वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. जॉर्जियानं २०२१ मध्ये त्याहून कमाल केली. मतदान केंद्रापासून दीडशे फुटांच्या आत रांगेत ताटकळणाऱ्याला स्वयंसेवकानं पाण्याची बाटली देणं हाच गुन्हा ठरवला.

तरी आळशी कोण, तर मतदार. असं म्हणणाऱ्यानं एकदा दारोदार हिंडून बघावं. मी हिंडले आहे. न्यू जर्सीचा निकाल ठरल्यासारखाच, म्हणून ऑक्टोबरातल्या शनिवारी आम्हाला बसमध्ये भरून नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात नेऊन सोडतात. तिथं राष्ट्राध्यक्ष ठरवणारी एकोणीस इलेक्टोरल मतं. आमच्या चौदांना कोण विचारतो. (पक्ष कुठला ते सांगत नाही. ज्यांना ओळखायचा ते ओळखतील, आणि दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी खूश होण्याचं कारण नाही.) हातात फोन, फोनमध्ये ॲप, ॲपमध्ये वाजवायच्या दारांची यादी. चौदा नंबर वाजवा, सोळा सोडा, अठरा सोडा, वीस वाजवा. सोळा नंबरच्या पायरीवर बसलेला माणूस आपल्याकडे बघत असतो आणि आपण लोकशाही वाचवायला त्याच्या समोरून पुढे जातो. मी एकदा अशा माणसाशी बोलत थांबले, तर संध्याकाळी हिशेब घेणाऱ्या पोरानं मलाच समजावलं, की यादीबाहेर वेळ घालवू नका.

सगळी मेख त्या यादीत आहे. कोणी कुणाला मत दिलं ते गुप्त. पण कोण कुठल्या निवडणुकीला मतदानाला गेलं हे सरकारी दप्तरात असतं आणि पक्षांना मिळतं. त्यावरून माणसामाणसाला गुण पडतात. कधीच न गेलेल्याचे गुण कमी, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. कोणी फिरकत नाही म्हणून तोही जात नाही. पुढच्या खेपेला गुण आणखी घसरतात. ज्यानं नावच नोंदवलेलं नाही तो तर यादीत दिसतही नाही. भारतात मतदारयादीवाला बीएलओ निदान घर विचारत येतो. इथं अनेक राज्यांत यादीत नाव घालणं ही ज्याची त्याची जबाबदारी.

दारात जाऊन बोललं की माणूस मतदानाला येतो, हे काही गुपित नाही. येल विद्यापीठाच्या ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात प्रयोग करून ते दाखवलं: समोरासमोर बोलल्यानं मतदान वाढलं, भाडोत्री फोनांनी वाढलं नाही. तरी फोन चालू आहेत, मेसेज तर दिवसाला डझनानं, आणि पैशाचा मोठा वाटा जाहिरातींच्या घशात.

ओबामांच्या २००८ च्या मोहिमेला हे कळलं होतं. शेतमजुरांच्या चळवळीत मुरलेल्या मार्शल गांझ यांच्या शिकवणीतून गल्लोगल्ली स्वयंसेवकांची पथकं उभी राहिली. जिंकल्यावर त्या जाळ्याचं काय केलं? पक्षाच्या राष्ट्रीय समितीत नेऊन बसवलं. २००८ मध्ये पात्र मतदारांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोक मतदानाला आले होते. २०१० च्या मध्यावधी निवडणुकीत सुमारे एकेचाळीस टक्के, आणि पक्षाच्या प्रतिनिधीगृहातल्या ६३ जागा गेल्या. दुसरीकडे २०२४ मध्ये इलॉन मस्क यांनी दारं वाजवायला पगारी माणसं लावली आणि कुंपणावरच्या राज्यांत आपल्या अर्जावर सही करणाऱ्यांपैकी एकाला रोज दहा लाख डॉलर वाटले. त्यांचा उमेदवार जिंकला. म्हणजे पुढच्या वेळी दोन्हीकडे हेच.

आपल्या मराठी मंडळींबद्दलही बोलते, राग आला तर येऊ दे. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेल्या पोरांना मत नाही, पण बिनपगारी प्रचार करता येतो, आणि त्यातली काही पोरं माझ्याबरोबर थंडीत हिंडली. शपथ घेऊन अमेरिकेचा निळा पासपोर्ट मिळवलेले दादा मात्र एडिसनच्या सोफ्यावरून शिंदे की ठाकरे यावर रात्र जागवतात. स्वतःच्या गावच्या शाळा मंडळावर कोण बसलंय हे विचारलं की दादांना नेमका महत्त्वाचा फोन येतो.

मला पुन्हा बसमध्ये बसवायचं असेल तर माझी अट आहे. टीव्ही जाहिरातींचे एका आठवड्याचे पैसे बाजूला काढा, ॲलनटाउनमध्ये एक ऑफिस चारही वर्षं उघडं ठेवा, त्यात तिथलीच स्पॅनिश बोलणारी माणसं पगारावर नेमा. आणि मला माझ्याच गल्लीत काम द्या, तेही राष्ट्राध्यक्ष निवडायचा नसेल त्या वर्षी. ही अट मी पक्षाला लिहून कळवली. उत्तर लगेच आलं, लिंकसकट: मध्यरात्रीच्या आत पाच डॉलर पाठवा.