पहारेकरी कोणी नेमावा?

इंदूरच्या सुखनिवास परिसरात 1984 साली ज्याची पायाभरणी झाली आणि ज्याला पुढे राजा रामण्णांचे नाव लाभले, त्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात घडविलेल्या लेसर-यंत्रणेने कल्पाक्कमच्या अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनाची षट्कोनी आवरणे चिरली गेली, ही गोष्ट रात्री सराफ्यात गराडू खात हिंडणाऱ्या इंदूरकराच्या गावीही नसते.

वापरलेल्या इंधनासाठी एवढा खटाटोप का? नवे इंधन तसे निरुपद्रवी. हैदराबादच्या कारखान्यात युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या झिर्कोनियमच्या नळ्यांत भरून, एकोणीस नळ्यांचे जे अर्ध्या मीटरचे जुडगे बांधतात, ते कारागीर हातमोजे घालून उचलतो. मात्र तेच जुडगे अणुभट्टीतून जळून निघाले, की जाड भिंतीआडून यंत्रहस्तानेच हाताळावे लागते, आणि नायट्रिक आम्लात विरघळवून त्यातील प्लुटोनियम वेगळे काढणे, म्हणजेच पुनर्प्रक्रिया, हे तर या उद्योगातील सर्वांत जोखमीचे काम.

डिसेंबर 2025 मध्ये संमत झालेल्या ‘शांती’ कायद्याने 1962 चा अणुऊर्जा कायदा मोडीत काढून खाजगी कंपन्यांस दार उघडले, पण ही पुनर्प्रक्रिया सरकारने स्वतःच्याच मुखत्यारीत ठेवली. ते योग्यच झाले. प्लुटोनियमचा मक्ता कोणा शेठजीस द्यावा असे मीही म्हणणार नाही. माझी तक्रार आहे ती पहाऱ्याविषयी. 1983 साली सरकारी हुकमाने स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अखत्यारीतून 2000 साली तशाच एका हुकमाने भाभा अणुसंशोधन केंद्राचे कारखाने वगळण्यात आले; आणि जानेवारी 2003 मध्ये त्यांपैकीच कल्पाक्कमच्या पुनर्प्रक्रिया कारखान्यात झडप निकामी होऊन तीव्र किरणोत्सर्गी द्रव सौम्य कचऱ्याच्या टाकीत शिरला, तेथे मापकयंत्र नसल्यामुळे कोणास कळले नाही, आणि सहा कर्मचाऱ्यांना मर्यादेबाहेर किरणोत्सर्गाची बाधा झाली. बाहेर खबर फुटली ती काही महिन्यांनी.

नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला खरा. परंतु त्याचे सदस्य सुचविणारी समिती नेमायची अणुऊर्जा आयोगाने, ज्याचे अध्यक्ष हे कारखाने चालविणाऱ्या अणुऊर्जा खात्याचेच सचिव असतात! खाजगी पेढीत हिशेबनिसाने आपला तपासनीस आपणच निवडला, तर आपण त्यास संगनमत म्हणतो.

मंडला जिल्ह्यातील चुटका येथे 700 मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या योजिल्या आहेत, तेव्हा हा प्रश्न मध्य प्रदेशास परका नाही. आपल्या खासदारांनी समिती नेमण्याच्या त्या कलमात दुरुस्ती मागावी, समितीत खात्याबाहेरचा न्यायाधीश बसवावा, आणि पुनर्प्रक्रिया कारखान्यांच्या तपासणीचे अहवाल दरसाल संसदेच्या पटलावर मांडण्याचा आग्रह धरावा. संरक्षणाचे गुपित म्हणून जे वगळायचे ते वगळावे, पण कर्मचाऱ्यांना झालेल्या किरणोत्सर्गाचे आकडे त्यात मोडत नाहीत.