डाव मोडला, हिशेब कोण पाहणार?

२० ऑगस्ट २०२५ रोजी माहिती-तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी ऑनलाइन गेमिंगविषयीचे विधेयक लोकसभेत मांडले. बिहारमधील मतदारयाद्यांच्या फेरतपासणीवरून सुरू असलेल्या गदारोळातच ते त्याच दिवशी आवाजी मतदानाने संमत झाले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पावसाळी अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, राज्यसभेनेही त्यावर मोहोर उमटवली आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कोट्यवधी लोकांच्या खिशाशी निगडित असलेला कायदा असा तीन दिवसांत तयार झाला. स्थायी समितीच्या छाननीतून तो गेला नाही. त्यामुळे समितीत जे प्रश्न विचारले गेले असते, ते अनुत्तरित राहिले. ऑनलाइन पोकरच्या उदाहरणावरून हे प्रश्न विशेष स्पष्ट होतात.

पोकर हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. चमारबागवाला खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा भेद अधिक ठळक केला आणि १९६८ मध्ये रमीला कौशल्याच्या बाजूला बसवले. पोकरच्या वाट्याला मात्र अशी निःसंदिग्धता आली नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने त्याला जुगारातून वगळले, नागालँडने परवाना देऊ केला, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारच ठरवला, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्यास कौशल्याचा खेळ मानले. राज्याची सीमा ओलांडली की खेळाचा धर्म बदलावा, अशी ही अवस्था होती.

२०२५ च्या कायद्याने हा गुंता सोडवला नाही. तो एका फटक्यात तोडला. कौशल्य असो वा नशीब, जिंकण्याच्या आशेने पैसे भरले की तो ‘ऑनलाइन मनी गेम’ आणि म्हणून निषिद्ध. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही. त्याचे व्यवहार पार पाडणाऱ्या बँकेस वा पेमेंट कंपनीसही तीच शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार धरलेले नाही, तो पीडित मानला गेला आहे. कर्जबाजारीपणा आणि आत्महत्या ही सरकारने दिलेली कारणे खोटी नव्हती. सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी वीस हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाजही त्या वेळी सरकारी गोटातून सांगण्यात आला. तेव्हा हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न साधनाचा आहे. खेळ थांबवण्यासाठी पैशाची वाट अडवायची, हे या कायद्याचे मुख्य साधन आहे आणि ते यापूर्वी अमेरिकेत वापरून झाले आहे.

तेथेही संसदीय घाईच होती. २००६ च्या सप्टेंबरअखेर, निवडणुकीसाठी काँग्रेसचे सदस्य मतदारसंघांकडे परतण्याच्या बेतात असताना, बंदरांच्या सुरक्षेच्या विधेयकाला इंटरनेट जुगारावरील तरतुदी जोडण्यात आल्या. १३ ऑक्टोबर २००६ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यावर स्वाक्षरी केली. खेळाडूला हात न लावता बेकायदा जुगाराचा पैसा स्वीकारण्यावर बंदी आणि बँकांवर तो रोखण्याची जबाबदारी, असे त्याचे स्वरूप होते. लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या पार्टीगेमिंगने तात्काळ अमेरिका सोडली. तिच्या समभागाची किंमत एका दिवसात निम्म्याहून अधिक कोसळली. ज्यांना भागधारकांना उत्तर द्यायचे होते, ते आधी गेले. पोकरस्टार्स आणि फुल टिल्ट मात्र राहिल्या.

त्या कशा राहिल्या, हे १५ एप्रिल २०११ रोजी न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी जाहीर केलेल्या आरोपपत्रातून समजले. कार्ड-व्यवहारात प्रत्येक व्यापाऱ्याला धंद्यानुसार सांकेतिक क्रमांक असतो. जुगाराचा क्रमांक ७९९५. बँका तो ओळखून व्यवहार अडवत. त्यामुळे पोकरचा पैसा दागिने आणि गोल्फचे चेंडू विकणाऱ्या बनावट दुकानांच्या नावे फिरवला जात असल्याचा आरोप झाला. युटा राज्यातील एका लहान बँकेत गुंतवणुकीचे आमिष दाखवून व्यवहारांची सोय करून घेतल्याचाही आरोप होता. पुढे सप्टेंबरमध्ये सरकारी वकिलांनी आणखी गंभीर बाब न्यायालयापुढे ठेवली: फुल टिल्ट खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती, आणि मार्चअखेर तिच्या बँक खात्यांत जेमतेम सहा कोटी होते. अमेरिकी खेळाडूंना परतफेड सुरू झाली ती २०१४ मध्ये.

पैशाइतकाच प्रश्न सॉफ्टवेअरचाही आहे. समोरासमोरच्या डावात पत्ते पिसणारा हात दिसतो. ऑनलाइन डावात ते काम यादृच्छिक अंक निवडणारी संगणकप्रणाली करते. ती निःपक्ष आहे का, टेबलावर माणसाऐवजी यंत्रच खेळत नाही ना, दोघे संगनमताने तिसऱ्याला लुटत नाहीत ना, हे खेळाडूला कळण्याचा मार्ग नसतो. ॲब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेटबेट या संकेतस्थळांवर आतील मंडळींना इतरांचे झाकलेले पत्ते दिसत होते, हे २००७ आणि २००८ मध्ये उघड झाले. संशय प्रथम आला तो खेळाडूंना, आकडे ताडून पाहताना. न्यू जर्सीसारख्या राज्यांनी २०१३ नंतर परवाना देताना सॉफ्टवेअरची तपासणी आणि खेळाडू त्या राज्यातच बसला आहे याची खातरजमा सक्तीची केली.

भारतातही अशा नियमनाची संधी होती. एप्रिल २०२३ च्या नियमांनी स्वयंनियामक संस्थांची तरतूद केली. पण एकाही संस्थेला मान्यता मिळाली नाही. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. म्हणजे तिजोरीने हा व्यवसाय ओळखला, नियामकाने ओळखला नाही. पुढे बंदी आली तेव्हा पोकरबाजी, अड्डा५२ यांसारख्या कंपन्यांनी पैशाचे डाव थांबवले. येथेही आधी गेले ते पॅन क्रमांक मागणारे आणि कर कापून घेणारे.

संघराज्याचा प्रश्न वेगळाच. जुगार हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीतील ३४ व्या नोंदीचा विषय. केंद्राला या क्षेत्रात कायदा करता येतो का, याबाबतच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयांकडून स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. दरम्यान विसंगती सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. अड्डा५२ पूर्वी ज्या डेल्टा उद्योगसमूहाच्या मालकीची होती, त्याचीच कॅसिनो-जहाजे मांडवीच्या पात्रात गोव्याच्या १९७६ च्या कायद्याखाली परवान्यानिशी चालतात. पोकरचा जो डाव मोबाइलवर गुन्हा ठरतो, तोच पणजीच्या धक्क्यावरून होडीने गेल्यास कायदेशीर होतो.

बंदीचे समर्थन करता येते. गरिबाच्या घरात शिरलेला जुगार सरकारने पाहत राहावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या सरकारने खेळाडूला पीडित म्हटले, त्याने पुढचे पाऊलही उचलले पाहिजे. परदेशी सर्व्हरवरचे टेबल उघडून बसलेल्या आणि बनावट दुकानाच्या नावे पैसे भरलेल्या माणसाची रक्कम अडकली, तर त्याने कोणाचे दार ठोठवावे? चुकीच्या क्रमांकाने फिरणारे किती व्यवहार बँकांनी पकडले, किती संकेतस्थळे रोखली आणि त्यांतील किती नव्या नावाने परतली, याचा वार्षिक अहवाल सभागृहापुढे ठेवणे, एवढे तरी संसदेने मागून घ्यावे. विधेयकाच्या वेळी जी चर्चा झाली नाही, ती निदान त्या निमित्ताने होईल.