ट्रम्पही हवेत आणि गर्भपाताचा हक्कही : अमेरिकेच्या मतदाराला नेमकं सांगायचं तरी काय होतं ?

6 नोव्हेंबर 2024 ची पहाट. फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीचमध्ये डोनाल्ड ट्रम्प स्टेजवर आले आणि अमेरिकेने आपल्याला अभूतपूर्व आणि भक्कम कौल दिलाय, असं सांगून मोकळे झाले. तिकडे वॉशिंग्टनमध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या मैदानावर कमला हॅरिस यांची वाट बघत थांबलेले लोक मध्यरात्रीनंतर गुपचूप घराकडे निघाले होते. हॅरिस त्या रात्री आल्याच नाहीत.

पुढचे कित्येक दिवस मोबाईलच्या स्क्रीनवर हीच दोन चित्रं फिरत होती. एकीकडे लाल टोप्या घालून नाचणारे, दुसरीकडे गाडीत बसून रडणारे. नाराज झालेल्या लाखो लोकांनी एक्स सोडून ब्लूस्काय गाठलं. नोव्हेंबर संपायच्या आत ब्लूस्कायच्या युजर्सचा आकडा 2 कोटींच्या पुढे गेला होता.

हे सगळं बघून कुणालाही वाटेल की अमेरिकेचे सरळ दोन तुकडे झालेत. अर्धे खुश, अर्धे दुःखी, विषय संपला.

पण मतपत्रिका उघडून बघितल्या तर वेगळंच चित्र दिसतं. या निवडणुकीत फूट फक्त माणसामाणसांत नव्हती. एकाच माणसाने एकाच कागदावर दोन दिशांना मत दिल्याची उदाहरणंही ढिगाने सापडतात.

आधी आकडे बघू. इलेक्टोरल कॉलेजमध्ये ट्रम्प यांना 312 आणि हॅरिस यांना 226 मतं मिळाली. सातच्या सात स्विंग स्टेट्स ट्रम्प यांनी घेतली. नकाशावर हा धुव्वा वाटतो. पण देशभरातली एकूण मतं मोजली तर ट्रम्प 49.8 टक्के आणि हॅरिस 48.3 टक्के. म्हणजे फरक दीड टक्क्याचा. आणि मतदानाचा हक्क असलेल्या लोकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक घरातून बाहेरच पडले नाहीत. त्यांचा आनंद किंवा दुःख कुणाच्याच रीलमध्ये आलं नाही.

मिसूरीच्या मतपत्रिकेवर काय झालं ?

आपल्याकडे लोकसभेला एक बटण दाबलं की काम झालं. अमेरिकेत तसं नसतं. तिथे राष्ट्राध्यक्षापासून सिनेट, प्रतिनिधीगृह, गव्हर्नर, ते थेट स्थानिक पदांपर्यंत सगळं एकाच लांबलचक मतपत्रिकेवर येतं. शिवाय अनेक राज्यांत कायद्याच्या प्रश्नांवर थेट जनतेचं मत घेतलं जातं.

मिसूरी हे असंच एक राज्य. इथे ट्रम्प यांना 58 टक्क्यांहून जास्त मतं पडली, म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्लाच. जून 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हा लगेच त्याच दिवशी गर्भपातबंदी लागू करणारं राज्यही हेच.

त्याच मिसूरीच्या मतदारांनी त्याच दिवशी त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी मंजूर केल्या. गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालणारी दुरुस्ती 51 टक्क्यांहून थोड्या जास्त मतांनी पास झाली. आणि किमान वेतन तासाला 15 डॉलर करणारा, सोबत आजारपणाची पगारी रजा देणारा प्रस्ताव 57 टक्क्यांहून जास्त मतांनी. दोन्ही मुद्दे डेमोक्रॅट पक्षाचे. आणि हॅरिस इथे 40 टक्क्यांवरच थांबल्या.

मिसूरी एकटं नाही. ॲरिझोना, नेवाडा आणि मोंटाना या राज्यांनीही ट्रम्प यांना निवडून दिलं आणि गर्भपाताच्या हक्कालाही होकार दिला. फ्लोरिडात त्या हक्काच्या बाजूने 57 टक्के मतं पडली, पण तिथे घटनादुरुस्तीला 60 टक्के लागतात, म्हणून ती पडली.

याला मतदाराचा गोंधळ म्हणणं सोपं आहे. पण प्रचारात ट्रम्प सांगत होते की गर्भपाताचा निर्णय राज्यांनी घ्यावा, देशभर बंदी आली तर मी ती रोखेन. ज्यांनी यावर विश्वास ठेवला त्यांच्या दृष्टीने हिशोब सरळ होता. हक्क राज्याच्या मतपत्रिकेवर राखायचा आणि देशाचा कारभार ट्रम्प यांच्याकडे द्यायचा.

न्यूयॉर्कमध्येही असंच काहीसं झालं. डाव्या विचारांच्या डेमोक्रॅट खासदार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांच्या मतदारसंघात काहींनी वर ट्रम्प आणि खाली त्यांना मत दिलं होतं. त्यांनी इन्स्टाग्रामवर थेट विचारलं, असं का केलंत ? उत्तरांचा सूर साधारण एक होता. दोघंही प्रस्थापितांच्या विरोधातले वाटतात, दोघंही कष्टकऱ्यांबद्दल बोलतात. टीव्हीवरच्या चर्चेत डावं-उजवं ही पहिली ओळख असते, मतदाराच्या डोक्यात ती असेलच असं नाही.

मिशिगनचा राग वेगळा होता

डेट्रॉईटला लागून असलेल्या डिअरबॉर्न शहरात निम्म्याहून जास्त लोक अरब वंशाचे आहेत. 2020 मध्ये इथे बायडन यांना दणदणीत आघाडी होती. 2024 ला ट्रम्प यांना सुमारे 42 टक्के, हॅरिस यांना 36 टक्के आणि ग्रीन पार्टीच्या जिल स्टाईन यांना 18 टक्के मतं मिळाली. कारण होतं गाझा. बायडन सरकार इस्रायलला शस्त्रं देत राहिलं, याचा तो राग होता. पण याच शहरात पॅलेस्टिनी वंशाच्या डेमोक्रॅट खासदार रशिदा तलैब यांना हॅरिस यांच्यापेक्षा कितीतरी जास्त मतं पडली. म्हणजे शिक्षा पक्षाला नव्हती, वरच्या नावाला होती.

पूर्ण मिशिगन ट्रम्प यांनी सुमारे 80 हजार मतांनी जिंकलं. त्याच मतपत्रिकेवर सिनेटची जागा मात्र डेमोक्रॅट एलिसा स्लॉटकिन यांनी थोडक्यात राखली. आणि डेट्रॉईटच्या मतदारसंघातून बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे श्री ठाणेदार डेमोक्रॅट पक्षाकडूनच पुन्हा मोठ्या फरकाने खासदार झाले.

आणि मग भावांचा मुद्दा

टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेवर स्टार काउंटी आहे. जवळपास सगळी वस्ती लॅटिनो. 2016 मध्ये इथे हिलरी क्लिंटन तब्बल 60 टक्क्यांच्या फरकाने पुढे होत्या. 2024 ला ट्रम्प जिंकले. 1892 नंतर रिपब्लिकन उमेदवाराने ही काउंटी जिंकायची ही पहिलीच वेळ.

सीमेवरची घुसखोरी हे एक कारण होतंच, पण त्याहून जवळचं कारण किराणा दुकानात होतं. जून 2022 मध्ये अमेरिकेत महागाईचा दर 9.1 टक्क्यांवर गेला होता. 2024 च्या शरद ऋतूपर्यंत तो 3 टक्क्यांच्या खाली आला. बायडन-हॅरिस यांचे लोक हेच सांगत होते, बघा, महागाई उतरली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ते बरोबर आहे. पण दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नसतं, वर चढण्याचा वेग तेवढा कमी होतो. 2021 च्या सुरुवातीपासून एकूण भाव सुमारे 20 टक्क्यांनी वाढलेलेच होते. पिशवी घेऊन दुकानात जाणाऱ्याला आकडेवारी पटवून देता येत नाही, हे कांद्याच्या भावावर सरकारं हलताना बघितलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

2024 मध्ये ब्रिटनमधलं 14 वर्षांचं कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार गेलं, जपानमधल्या सत्ताधारी आघाडीने बहुमत गमावलं, भारतातही भाजप 303 वरून 240 वर आला. कारणं प्रत्येक ठिकाणची वेगळी, पण सत्तेत असलेल्यांना त्या वर्षी जगभर चटके बसले.

आता एक गंमत बघा. प्यू रिसर्चच्या पाहणीनुसार 2020 मध्ये ट्रम्प यांच्या फक्त 21 टक्के मतदारांना निवडणूक नीट पार पडली असं वाटत होतं. 2024 मध्ये तेच म्हणणारे झाले 93 टक्के. उलट बाजूला हरलेल्या हॅरिस यांच्या मतदारांपैकी 84 टक्क्यांनीही निवडणूक नीट झाली असंच सांगितलं. त्यांना निकाल आवडला नव्हता, पण त्यांनी तो मान्य केला. रडण्याच्या व्हिडिओंमध्ये ही गोष्ट मागे पडली, आणि खरंतर ती त्या महिन्यातली सगळ्यात मोठी बातमी होती. जानेवारी 2021 मध्ये संसदेवर जमाव चालून गेला होता, जानेवारी 2025 मध्ये हॅरिस यांनी स्वतः संसदेत उभं राहून स्वतःच्या पराभवाचे आकडे वाचले.

पुढे काय झालं ?

मतदाराने दोन गोष्टी सांगितल्या, तर सत्तेत आलेला कुठली ऐकतो ?

फेब्रुवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी गाझा अमेरिकेने ताब्यात घ्यावं आणि तिथल्या लोकांना दुसरीकडे हलवावं, असं जाहीर केलं. त्यांच्यासाठी मिशिगनमध्ये प्रचार केलेल्या 'अरब अमेरिकन्स फॉर ट्रम्प' या संघटनेने त्यानंतर लगेच स्वतःचं नाव बदलून 'अरब अमेरिकन्स फॉर पीस' केलं.

मिसूरीत तर प्रकरण थेट कायद्यावर गेलं. लोकांनी मंजूर केलेली पगारी रजा 1 मे 2025 पासून सुरू झाली. दर 30 तास कामामागे 1 तास रजा. छोट्या धंद्यांना हे परवडत नाही, असं म्हणत रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने ती रद्द करणारा कायदा केला आणि 28 ऑगस्टला रजा बंद झाली. चार महिनेसुद्धा टिकली नाही. 15 डॉलरचं वेतन तेवढं राहिलं, पण पुढे महागाईनुसार ते आपोआप वाढण्याची तरतूद काढून टाकली.

गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत असल्यामुळे तो असा साध्या कायद्याने काढता येत नाही. म्हणून विधिमंडळाने तो प्रश्न नोव्हेंबर 2026 च्या मतपत्रिकेवर पुन्हा ठेवला, दोन वर्षांपूर्वी ज्या मतदारांनी हो म्हटलं होतं त्यांच्याचसमोर.